लागत नसलेलं काही

मोबाईलमधली मोकळी जागा आपणहून कधी वाढत नाही. घरातल्या माळ्यासारखा तिचा स्वभाव. भरत तेवढी जाते, रिकामी करायला कोणीतरी कंबर कसून वर चढावं लागतं. म्हणूनच मंगळवारी सकाळी, वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या घराच्या मागच्या खोलीत चहाचा दुसरा कप थंड करत बसलेल्या अश्विनची नजर त्या पाच ओळींवर अडकली. नागपूरच्या एका लहानशा कंपनीसाठी त्यानं केलेल्या ॲपच्या त्या नोंदी होत्या. शेतात राबणाऱ्या बायकांसाठीचं ॲप: बोंडअळी कशी ओळखायची, फवारणीहून आल्यावर अंग-कपडे कसे धुवायचे, घरचं बियाणं कसं राखायचं, असे चाळीस व्हिडिओ. गावात रेंज कधी येते, कधी रुसते, म्हणून चाळीसही व्हिडिओ एकाच मोठ्या गाठोड्यात बांधलेले. एकदाच उतरवून घ्यायचं, फोनातच सोडायचं, पुढे नेटची गरज नाही. एकदा लिहिलेलं हे ॲप सगळ्या जातीच्या फोनांवर चालतं याचा अश्विनला थोडा अभिमानही होता. गाठोडं सोडताना काय झालं याची एकेक ओळ त्याच्याकडे येई: फोन कुठला, गाव कुठलं, जागा किती होती, सुटलं की अडलं. या फोनावर चारदा अडलं होतं आणि पाचव्यांदा सुटलं होतं. त्यात नवल नव्हतं. नवल होतं मधल्या जागेचं. अडल्यावर जागा कमी होई आणि अर्ध्या-पाऊण तासानं वाढे. पुन्हा अडलं, पुन्हा कमी, पुन्हा वाढली. चौथ्या खेपेनंतर तर एकदम सहाशे एमबी मोकळी झाली. कोणीतरी दर वेळी काहीतरी काढून टाकत होतं. गाव अल्लीपूर होतं, त्याचं स्वतःचं, आणि फोनचा तो प्रकार तीन वर्षांपूर्वी त्यानंच वर्ध्याच्या बाजारातून घेऊन आईबाबांच्या हातात ठेवला होता.

त्यानं लगेच फोन लावला नाही. आधी उरलेला चहा प्यायला, कप विसळून ठेवला, खिडकीतून समोरच्या रिकाम्या प्लॉटवर बांधलेल्या बकरीकडे थोडा वेळ पाहिलं. मग लावला. "फोन कसा आहे?" त्यानं विचारलं.

"मी बरी आहे," तानाबाई म्हणाली. "तू आधी फोनचं काऊन विचारून राह्यला?"

"तसं नाही आई. ॲप सुरू झालं का म्हटलं."

"झालं ना, काल झालं. शोभाबाईच्या फोनात पयल्याच डावात झालं, माह्या फोनात लय डाव केलं तवा झालं. शेवटी फोन बंद करून पुन्हा चालू केला, तसं सुटलं. गटातल्या साऱ्या बाया आल्या होत्या पाहाले."

"मधात काही काढलं का तू फोनातून?"

"काढलं. जागा नाई म्हने."

"काय काढलं?"

"होतं काहीबाही. तू जेवला का?"

सकाळचे साडेदहा वाजले होते. साडेदहाला जेवणाचं विचारणारी ती बाई नव्हती. अश्विननं मग सरळच विचारलं, बाबांचे व्हिडिओ आहेत ना. तिकडे कुकरच्या शिट्टीचा आवाज आला, कोणीतरी दार लोटल्याचा आला, आणि मग आई अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ते बी काढले." फोनात कचऱ्याचा एक डबा असतो, काढलेलं महिनाभर त्यात पडून राहतं, असं तो घाईनं सांगायला लागला, तर तिनं त्याला मध्येच थांबवलं. "तो डबा बी साफ केला. डबा साफ नाई केला तं जागा होत नाई, म्हने शोभाबाई." शोभाबाई शेजारीण, बचत गटातली सगळ्यात हुशार, तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. अश्विननं स्वतः कोणाला सल्ला दिला असता तर हाच दिला असता. "बरं," तो म्हणाला, "रविवारी येतो मी." "येजो," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

श्रावणबाबा जाऊन चौदा महिने झाले होते. आयुष्यभर ते लाइनमन होते. पन्नास खेड्यांतले खांब त्यांना नावानिशी ओळखत असावेत. निवृत्त झाल्यावर या फोनानं त्यांना वेड लावलं. फोटो त्यांना आवडत नसत, फोटोत माणूस गप्प असतो म्हणायचे. ते व्हिडिओ काढायचे. कशाचेही. फ्यूजची तार कशी बांधायची याचा एक, अंगणातल्या लिंबाला किती फुलं आली ते मोजतानाचा एक, पत्र्यावर चढलेल्या मांजरीला खाली बोलावतानाचा एक. अकरा मिनिटांचा एक तर असा होता की त्यात काहीच नव्हतं. सुरू झालाय हे न कळून ते फोन हातात धरूनच तानाबाईशी तुरीच्या शेंगांविषयी बोलत बसले होते, आणि चित्रात सगळा वेळ नुसती त्यांची चप्पल. ते कोणालाही पाठवायचे नाहीत. लाजायचे. ते गेल्यावर आई भाजी निवडताना तो चपलेचा व्हिडिओ लावून ठेवायची आणि पाहायची नाही, नुसती ऐकायची. अश्विननं हे एकदा दारातून पाहिलं होतं आणि तसाच मागे फिरला होता. तिनंच त्याला म्हटलं होतं, हे तुह्या कॉम्प्युटरात ठेवून दे बाबू, फोनचा का भरवसा. त्यानं हो म्हटलं. पुढच्या वेळी येताना वायर आणतो म्हणाला. पुढच्या वेळी वायर विसरला. त्याच्या पुढच्या वेळी वायर आणली, पण आई शेतात गेली होती आणि शेवटच्या बसची वेळ झाली होती. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही आणि तिनंही नाही. दोन-तीन मिनिटांचं काम होतं. जगभरच्या माणसांना एका बटणात सारं जपून ठेवायला शिकवणं हा ज्याचा धंदा, त्याच्या घरची ही तऱ्हा.

दुपारपर्यंत तो जे करू नये तेच करत बसला. पुसलेले व्हिडिओ परत आणून देतो म्हणणाऱ्या पाच-सहा प्रोग्रामांची माहिती त्यानं वाचून काढली, आणि ती खोटी आहे हे त्याला वाचण्याआधीच ठाऊक होतं. या फोनात पुसलेली वस्तू कुलपाआड जाते आणि किल्लीही सोबत जाते. शिवाय पुसल्यावर तिथे दुसरं काही लिहिलं गेलं की संपलंच. तिथे काय लिहिलं गेलं होतं हेही त्याला ठाऊक होतं. कारण त्यानं तोवर आपलाच कोड उघडून पाहिला होता. त्याचं ॲप गाठोडं सोडताना फार रुबाबात सोडत होतं. अख्खं गाठोडं एकदम आठवणीत, म्हणजे फोनच्या रॅममध्ये, घ्यायचं, आणि सोडलेली एकेक वस्तूही शेवटपर्यंत डोक्यात धरून ठेवायची. अश्विनच्या स्वतःच्या फोनाची छाती मोठी, त्याला काही वाटायचं नाही. आईच्या फोनाची आठवण जेमतेम दोन जीबीची; तो एक तृतीयांश वाटेवर दम तुटून मटकन खाली बसत होता. बसला तर बसला, पण अर्धवट सोडलेला पसारा तिथेच टाकून बसत होता. पुढच्या वेळी ॲप नव्या नावाचा नवा कप्पा उघडायचं आणि जुन्या पसाऱ्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. म्हणजे दर खेपेला चारशे एमबी कचरा वाढायचा, आणि मग ॲप फार सभ्यपणे सांगायचं की जागा कमी आहे. पहिल्या वेळी आईच्या फोनात जागा होती. पुरेशी होती. ती ॲपनंच खाल्ली, आणि मग आईकडे मागितली. बाबा जिथून पुसले गेले तिथे आता बोंडअळीचे व्हिडिओ सुटले होते, आणि बाजूला त्यांच्याच अर्ध्यामुर्ध्या चार-चार प्रती पडलेल्या होत्या.

हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही. माहीत नसतं तर बरं झालं असतं. गाठोडं थोडं थोडं वाचावं, वाचलं तेवढं लिहून मोकळं व्हावं, एका वेळी ओंजळीएवढंच हातात असावं, हे या धंद्यातलं पहिल्या वर्षाचं शिक्षण. त्यानं ते करायचं ठेवलं होतं, नंतर. आपल्या फोनावर चाललं, कंपनीतल्या अपेक्षाच्या फोनावर चाललं, दाखवण्याच्या दिवशी साहेबांच्या फोनावर तर भुर्रकन चाललं. आणि जागा मागणाऱ्या त्या वाक्याचं काय? ते वाक्यही त्याचंच होतं. अपेक्षानं लिहून पाठवलं होतं, साठवण क्षमता अपुरी आहे. तो तिच्याशी अर्धा तास भांडला होता. म्हणाला, खेड्यातल्या बायका हे वाचून घाबरतील, त्यांना वाटेल आपलंच काही चुकलं. तिनं वैतागून, तूच लिही मग, म्हटलं. तेव्हा त्यानं, समोर आईच बसली आहे असं समजून, लिहिलं: जागा थोडी कमी पडते आहे. लागत नसलेलं काही काढून टाकता का? लिहिल्यावर त्यानं ते मोठ्यानं वाचून पाहिलं होतं. बरं वाटलं होतं. घरातल्या माणसानं विचारावं तसं वाटलं होतं.

लागत नसलेलं. बुधवारी, गुरुवारी हे दोन शब्द त्याच्या मागे मागे राहिले. दाढी करताना, बजाज चौकात ऑटोची वाट पाहताना, मयुरीनं पुढ्यात वाढलेल्या वरणात बोट घालून बसलेला असताना. आईला खरंच लागत नव्हते का ते? चौदा महिन्यांत माणूस पुरेसं ऐकून घेतो आणि मग एक दिवस त्याची गरज संपते, असं होत असेल का? होतही असेल. त्याला स्वतःला बाबांचा आवाज नीट आठवत नव्हता हे त्याला गुरुवारी दुपारी लक्षात आलं. शब्द आठवत होते, आवाज नाही. बाबा रागावले की काय म्हणायचे ते सगळं आठवत होतं, पण ते त्याच्या स्वतःच्याच आवाजात ऐकू येत होतं. मयुरी त्याची बायको, इथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारी, फार बोलणारी नाही. ती म्हणाली, "आईंना सांगितलं का, की चूक ॲपची होती?" फोनवर कसं सांगू, तो म्हणाला. "मग जाऊन सांगा," ती म्हणाली, "पण आधी ते दुरुस्त करून मग जा. बाकीच्या बायका काय काय पुसत असतील तिकडे." त्यानं उठून पुन्हा नोंदी उघडल्या. अल्लीपूरसारखे आणखी अकरा फोन होते, ज्यांची जागा मध्येच वाढली होती. अकरा घरांत कोणी काय काढलं असेल, कोणाचं बारसं, कोणाची सून, कोणाचा मेलेला बैल, याचा हिशोब कुठल्याच ओळीत नव्हता. त्यानं अपेक्षाला फोन करून चूक सांगितली आणि दुरुस्ती होईपर्यंत ॲप बंद ठेवायला लावलं. ती चिडली, पण तिनं बंद केलं.

मग तो कामाला बसला, आणि काम करताना त्याचं मन थोडं निवलं, हे सांगायला हवं. हातांना कळतं काय करायचं तेव्हा मनालाही जरा बसायला जागा मिळते. दसरा होऊन तीन-चार आठवडेच झाले होते, म्हणूनही असेल, त्याला सारखी दीक्षाभूमी आठवत राहिली. लहानपणी दरवर्षी तिघंही नागपूरला जायची, बाबांच्या खांद्यावर एकच मोठं गाठोडं. त्या गर्दीत माणसाच्या वाट्याला एका चादरीएवढी जागा यायची, तीही कोणी पाय लांब केला की निम्मी. शेजारी उतरलेली घरं आल्या आल्या गाठोडं चादरीवर पालथं घालायची आणि मग भांड्यांत, कपड्यांत, भाकरींत बसायला कोणालाच जागा उरायची नाही. पोरं रडायला लागायची. बाबा गाठोडं मांडीवर घ्यायचे. पूर्ण कधी सोडायचेच नाहीत. एक गाठ सैल करायचे, हात आत घालायचे आणि एकच वस्तू बाहेर काढायचे, ज्याची त्याला देऊन टाकायचे, मगच दुसरी. "आधी जागा पाय," ते म्हणायचे, "मंग सोड." भाकरी संपायची तशी गाठोड्यात जागा व्हायची, आणि त्या जागेत स्टॉलवरून घेतलेली पुस्तकं जायची, परतताना गाठोडं तेवढंच मोठं दिसायचं. अश्विन त्या मांडीला टेकून झोपायचा. त्याला बाबांच्या सदऱ्याचा वास आठवला, तारेचा, घामाचा आणि संत्र्याच्या सालीचा. आवाज मात्र तेव्हाही आला नाही.

व्हिडिओ आधीच दाबून दाबून लहान केलेले असतात. त्यांना पुन्हा एका गाठोड्यात आवळून काही हाती लागत नाही, हेही त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यानं मोठं गाठोडं मोडून चाळीस लहान पुडक्या केल्या. एक उतरवायची, ओंजळ ओंजळ वाचत सोडायची, सोडून झाली की पुडकी टाकून द्यायची, मगच दुसरीला हात लावायचा. मध्येच फोन बंद पडला तर जिथे थांबलो तिथून पुढे. आणि या सगळ्याच्या आधी, सगळ्यात आधी, आपलाच जुना पसारा आवरायचा. त्यानं वर्ध्यातल्या एका दुकानातून आईच्या फोनासारखाच एक जुना फोन मागून आणला आणि शुक्रवारी दिवसभर त्याच्यावर पुन्हा पुन्हा सोडून पाहिलं, मध्येच बॅटरी काढून, मध्येच फोन उचलून, गाणी चालू ठेवून. फोनानं एकदाही मान टाकली नाही. पूर्वी जेवढी जागा लागायची तिच्या निम्म्यात सगळं बसत होतं. शनिवारी सकाळी नवं ॲप वाटेला लागलं. त्या वाक्याचं काय करायचं यावर तो फार वेळ बसला, आणि शेवटी त्यानं ते काढूनच टाकलं. जागा खरंच नसेल तर ॲप आता कमी व्हिडिओ उतरवणार होतं. कोणाला काही मागणार नव्हतं.

रविवारी तो अल्लीपूरला उतरला तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची वेचणी चालू होती, ओळीत वाकलेल्या बायकांच्या पाठी दिसत होत्या. तानाबाई आज शेतात गेली नव्हती. अंगणात खाट टाकून, त्यावर गेल्या सालची तूर वाळत घालून, उरलेल्या हातभर जागेत ती बसली होती. त्यानं येताना ठरवून आणलेली वाक्यं बसमध्येच दोनदा विसरली गेली होती. त्यानं तिचा फोन घेतला, नवं ॲप घातलं. आधी जुना पसारा निघून गेला आणि बघता बघता फोनात दीड जीबी जागा मोकळी झाली. ती त्याला उगाचच फार मोठी दिसली. मग पुडक्या सुटायला लागल्या, एक, दोन, तीन, आणि आई मान वाकडी करून आकडे पाहू लागली. "आता नाई अडकत," ती समाधानानं म्हणाली. "गटातल्या बायाइले सांगीन मी, पोरानं नीट करून देलं." तिचा चेहरा अगदी शांत होता. तो चेहरा पाहून त्याला बोलावंसं वाटेना, आणि तेवढ्यानंच त्याला कळलं की आता बोलायलाच हवं.

"आई," तो म्हणाला, "जागा कमी पडते म्हणून जे येत होतं ना, ते खरं नव्हतं. जागा होती तुझ्या फोनात. माह्या कामात चूक होती. अन् ते वाक्य बी मीच लिहिलेलं होतं."

"मले मालूम आहे," तानाबाई म्हणाली. तिनं तुरीतला एक खडा उचलून अंगणात टाकला. "वाचलं तवाच समजलं मले. शोभाबाईले म्हटलं बी, हे कंपनीवाले नाई, हा अश्विन बोलून राह्यला."

"मग बाबाचे काऊन काढले? ते लागत नव्हते का तुले?"

"लागत होते ना." ती खाटेवरच्या तुरीवरून हात फिरवत राहिली. "पयल्या डावाले ते सकाळचे फुलाचे फोटो देले. मंग मांगतलं तवा तुह्या मामाच्या आचलच्या लग्नाचे देले. मंग विहाराच्या कार्यक्रमाचे. तरी तू मांगूनच राह्यला होता, अन् मंग माह्याजवळ त्याइचेच राहेल होते." मग ती त्याच्याकडे न पाहता, समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "दुसऱ्या कोनं मांगतलं असतं, तं फोनच बंद करून ठेवला असता मी."